काचा खाली, इंजिन बंद

मावसभाऊ सहकुटुंब ॲडलेडहून पर्थला मोटारीनं गेला. वाटेत नल्लारबोर पठारावर १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. तशी पाटीच आहे तिथं. तिच्याखाली ओळीनं उभ्या चौघांचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. आमच्या लेकीनं तो तीनदा मोठा करून बघितला आणि म्हणाली, "आपल्याकडं असलं काही नाहीच ना!"

सोलापूरकराला हे लागतं. डिसेंबरातल्या एका रविवारी मी गाडी काढली. बायको, लेक, आई आणि मी. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. बार्शी रस्त्यानं नान्नज जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. या गावाचं नाव लोकांना द्राक्षांमुळं माहीत. सोनाका हा वाण इथल्याच नानासाहेब काळे यांचा. सोलापूर, नान्नज, काळे यांची आद्याक्षरं जोडून ठेवलेलं नाव. पण बागा मागं पडल्या की माळ लागतो. वाळून तांबूस झालेलं गवत, मधेच तरवड, लांबवर एखादी बाभळ. सातबाऱ्याच्या भाषेत पडीक.

मी उतरून दुर्बीण लावणार, तेवढ्यात मेंढ्या वळणारे एक काका म्हणाले, "उतरू नका सायेब. हितली जनावरं-पाखरं गाडीला ढोर समजत्यात. माणूस दिसला की पळाली."

पूर्वी माळढोक या पक्ष्याचे शिकारी बैलगाडीत बसून त्याच्या जवळ जात, हे मी वाचलं होतं. युक्ती तीच, फक्त बैल गेले. काचा खाली केल्या, इंजिन बंद केलं आणि बसलो.

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. आमच्या घरात चौघं एकदम गप्प असली तर भांडण झालेलं असतं. शिवाय गाडीत बसायचं ते कुठंतरी पोचायला, ही सवय. माझा पाय उगीचच क्लचवर. बायकोनं एकदा घड्याळ बघितलं, लेकीनं चारदा फोन. मग चंडोल ऐकू यायला लागला. तो बहुधा आधीपासूनच गात असणार. एक भोवत्या गवताच्या टोकांना जवळजवळ टेकत तिरका तरंगत गेला. हे पक्षी मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते इथं येतात. त्यांच्या प्रवासापुढं मावसभावाची ट्रिप म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणं. आणि ज्याला मी दगड समजत होतो, तो मान वर करून काळवीट झाला. बायकोनं न बोलता माझा खांदा दाबला आणि बोटानं दाखवलं : एक नव्हता, चौदा होते. सगळा वेळ समोरच होते.

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती. इथं त्याचं दर्शन आता फार दुर्मीळ. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक पक्ष्याच्या नावानं बोटं मोडू लागले. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. नकाशावर एवढी मोठी जागा देऊन माळ मात्र नांगराखाली जात राहिला, असा हा कारभार. पंधरा किलोंपर्यंत वजनाचा नर, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळं नाकासमोरची वीजतार उशिरा दिसते. दिसली तरी एवढं धूड चटकन वळत नाही. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्याला आपण पडीक म्हणतो, ती त्याची बाळंतिणीची खोली.

लेकीला मी हळूच सांगितलं, की याचाच एक सख्खा भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या माळांवर फिरतो, आणि तो अजून बरा टिकून आहे. तिचा चेहरा पडला. तिथंही त्यांचंच भारी, असं काहीतरी पुटपुटली.

आई इतका वेळ मागच्या सीटवर भाकरीचा तुकडा मोडत बसली होती. तिचं माहेर करमाळ्याकडचं. "माळढोक म्हणजे हूमच ना रे?" ती म्हणाली. "आमच्या रानात यायचा की. भुईमुगात उभा राहायचा. आबा म्हणायचे, हाकलू नकोस, टोळ खातोय."

साठ वर्षांत ही गोष्ट आईनं कधी सांगितली नव्हती. कोणी विचारलीही नव्हती. तिच्या माहेराला आम्ही दरवर्षी जात आलो, त्याच पट्ट्यातून, ऐंशीच्या वेगानं, काचा वर करून.

अंधार पडायला लागल्यावर निघालो. मोज्यांत कुसळं रुतली होती; डबा खायला एकदा रस्त्याकडेला उतरलो, तेवढ्यात लागलेली. हूम हे नाव त्याच्या हाकेवरून पडलेलं, एवढं मी लेकीला सांगितलं. "म्हणजे कसा आवाज?" मला कुठला येतोय!

सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा मागून, ओठ मिटून, घशाच्या तळातून आवाज आला. हुंम्. मी दचकून गाडी हळू केली.

"आजी," लेक मागं वळून म्हणाली, "परत एकदा कर."