हातचा चेंडू

गेल्या हिवाळ्यांत अंबरनाथ येथील एका मैदानावर शाळकरी मुलांचा बास्केटबॉलचा सामना पाहण्याचा योग आला. एक संघ उल्हासनगरचा, चांगला मुरलेला. दुसरा बदलापूरचा, त्यांत एक मोठा मुलगा सोडला तर बाकीचीं मुलें त्याच वर्षीं खेळूं लागलेलीं. या मुलांच्या हातून चेंडू वारंवार निसटे. कोणी तो घेऊन पावलें टाकी, कोणी प्रतिपक्षाच्याच हातीं देई. नेम चुकला तरी परतलेला चेंडू पकडण्याची आशा असते. परंतु हातचाच चेंडू गमावला कीं नेम धरण्याची संधीही जाते. शेजारचे एक गृहस्थ पुनःपुन्हां म्हणत होते, "कोच त्या मोठ्या मुलाकडेच चेंडू द्यायला कां सांगत नाहींत?" प्रशिक्षकांनीं तसें सांगितलें नाहीं, आणि संघ हरला.

हा प्रश्न वरवर डावपेचाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. एकाकडेच चेंडू ठेवल्यास चुका कमी होतील हें उघड आहे. पण उरलेले चौघे मैदानावर असूनही प्रेक्षकच राहतील. १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ यांनीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें हा खेळ रचला, तेव्हां त्यांच्या १३ नियमांत चेंडू घेऊन धांवण्यास मनाई होती. जेथें तो हातीं येईल तेथूनच फेकला पाहिजे, असा दंडक होता. आपल्या हातचें दुसऱ्याच्या हवालीं करणें, हेंच या खेळाचें बीज होय.

तथापि उलट पक्षही दुर्बळ नाहीं. त्या मोठ्या मुलाचें शाळेंतील तें अखेरचें वर्ष असेल, तर धाकट्यांच्या शिक्षणाचें मोल त्यानें आपल्या पराभवानें कां द्यावें? पुढें फळ येईल, हें उत्तर त्यास पुरेसें नाहीं. कारण तें चाखावयास तो तेथें नसेल.

माझ्या मतें मुलांना चुकूं देण्याचा अधिकार प्रशिक्षकास आहे, पण दोन अटींवर. पहिली अट अशी कीं, चुकीची किंमत जेथें थोडी तेथें, म्हणजे सरावांत, त्यांस पोटभर चुकूं द्यावें. पांचांपुढें सात उभे करून खेळवावें, म्हणजे सामन्यांतील गर्दी त्यांस विरळ वाटेल. सरावांतील आळस सामन्यांत शिक्षणाच्या नांवाखालीं लपवूं नये. दुसरी अट अशी कीं, ज्याच्या पदरचें जाणार, त्यास आधीं विश्वासांत घ्यावें. न विचारतां घेतलेला त्याग ही चोरीच होय.

हें लिहितांना मी स्वतःस निर्दोष समजत नाहीं. तीस वर्षें मीं वर्गांत टिपणें सांगितलीं, आणि मुलांनीं तीं उतरून घेतलीं. निकाल उत्तम लागत. मध्यंतरीं एक जुना विद्यार्थी कल्याण स्थानकावर भेटला. तो आतां स्वतः शिक्षक आहे. तो म्हणाला, "सर, तुमच्या वर्गांत आम्ही कधीं चुकलोंच नाहीं." मी सुखावलों. त्या वाक्याचा दुसरा अर्थ घरीं पोंचल्यावर कळला.

यंदा वर्गांत कवितेचा पहिला अर्थ मुलांनीं सांगावा, असा क्रम ठेवला आहे; आणि परीक्षा जवळ आलेल्यांना त्याचें कारण आधींच सांगितलें आहे. अर्थ पुष्कळदां चुकतो, तास मागें पडतो. परंतु आतां चेंडू माझ्या एकट्याच्या हातीं नाहीं.