बेतानं

जुना खेळ नव्या संगणकावर नीट चालत नाही, पण तो दमलेला असतो म्हणून नव्हे. पुष्कळदा तो उलट सुसाट सुटतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या काळी खेळ लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी हाच वेग धरून हिशेब मांडला. अमुक इतके आकडे मोजून होईस्तोवर थांब, मग राक्षसाला एक पाऊल पुढं टाकू दे. आजच्या प्रोसेसरचा ठोका त्याच्या शेकडो पट जलद पडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत आकडे मोजून संपतात, आणि राक्षस अंगावर येऊन आदळतो. खेळात काहीच बिघडलेलं नसतं. मधली थांबायची जागा तेवढी नाहीशी झालेली असते.

देगलूरला कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागे. एका मशीनपुढं आम्ही दोघं-तिघं. सर चहाला गेले की 'डेव्ह' नाही तर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू. एकानं बाणाच्या कळा दाबायच्या, दुसऱ्यानं दाराकडं लक्ष ठेवायचं. राजकन्येला सोडवायला प्रिन्सला साठ मिनिटं मिळत. आमच्याकडं लाइट तेवढी टिकेल याची खात्री नसायची. ती गेली की यूपीएस टीं-टीं करू लागे, आणि तेवढ्यात राजपुत्राला खड्डा ओलांडून घ्यायचा. सीमेवरचं गाव. खड्ड्यात पडल्यावरची हळहळ मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांतून निघायची.

यंदा दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला आणि त्यानं हे सगळं पुन्हा लावून दिलं. लॅपटॉपच्या आत त्यानं दुसरा एक संगणक मांडला. हा पत्र्या-तारांचा नव्हे, नुसत्या सूचनांनी उभा राहिलेला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते हेच. त्यात विंडोज ९८ चढवलं. आतल्या त्या जुन्या प्रणालीला आपण कुणाच्या घरात राहतोय याचा पत्ताच नसतो. ती आपल्या जुन्या रीतीनं सुरू होते आणि जुन्याच रीतीनं कामाला लागते.

लॅपटॉपला मेमरी सोळा जीबी. आतल्या यंत्राला त्यानं दिली फक्त १२८ एमबी.

मी म्हटलं, "अरे, एवढी पडलीय तर दे की सढळ हातानं."

तो म्हणाला, "काका, जास्त दिली तर विंडोजला झेपत नाही."

ते खरंच आहे. विंडोज ९८ ला ५१२ एमबीहून जास्त मेमरी मिळाली, तर ती अडखळू लागते. फायली हाताशी ठेवणारी तिची व्यवस्था मिळालेल्या मेमरीच्या प्रमाणात जागांचे पत्ते अडवून ठेवते. इतके, की दुसऱ्या कामांना पत्तेच उरत नाहीत. मग पडद्यावर सूचना येते, मेमरी अपुरी आहे. भरपूर दिलं, म्हणून कमी पडलं.

वेगाचंही तसंच. डॉसवरचे खेळ चालवायला डॉसबॉक्स नावाचा एक प्रोग्राम २००२ पासून आहे. त्यात कंट्रोल आणि एफ ११ या कळा दाबल्या की वेग पायरी-पायरीनं उतरतो. पुतण्या दाबत गेला. धावणारे राक्षस चालू लागले. आणखी थोडं उतरल्यावर ते पेंगायला लागले, तेव्हा त्यानं एक पायरी परत चढवली. मग एका ठिकाणी खेळ खेळासारखा दिसला. ही जागा आधी सांगता येत नाही. बघत बघतच ती सापडते.

ताकद विकत मिळते. ती आवरायला शिकावं लागतं. आणि द्यायचं ते आपल्या ऐपतीनं नव्हे, घेणाऱ्याच्या बेतानं.

त्याच संध्याकाळी मरखेल गावाहून आजोबांचा निरोप आला, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला. पुतण्याचं बोट सवयीनं वेगाच्या आकड्यावर गेलं. दुप्पट. हल्ली बरेच जण असंच ऐकतात. तुरीला फुलं धरली, गुडघा दुखतो, कुणाच्या तरी घरी लग्न निघालंय, येताना औषध घेऊन या. सगळं कळलं. काही म्हणजे काही सुटलं नाही. फक्त आजोबा धापा टाकत बोलल्यासारखे वाटले. लग्न कुणाकडं निघालंय ते नाव आठवताना ते थांबले असणार, घसा खाकरला असणार. ते थांबणं चिमटीएवढं होऊन गेलं.

म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात अशी गप्प जागा वरचेवर येते. आपल्याला ती रिकामी वाटते. पण तिथं ते काहीतरी शोधत असतात, आणि आपणही थांबलो तर आपल्यालाही त्या शोधात घेतात. निरोप वेगानं ऐकता येतो. सोबत वेगानं करता येत नाही.

कितीतरी वर्षांपूर्वीच्या खेळासाठी आपण एवढा खटाटोप करतो. त्याला सोसेल तेवढीच मेमरी देतो, त्याच्या चालीनं चाल लावतो, आणि ते आपल्याला कमीपणाचं वाटत नाही. वेग आपल्यापाशी आहे, पुढंही राहील. तो कुणापुढं आवरता घ्यायचा, हे मात्र कुठलंही यंत्र सांगणार नाही.