गुंजभर अधिक



म्हैसूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर टी. नरसीपूर आहे. येथे कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो. स्फटिक सरोवरही गुप्तरूपाने येथे मिळते, या श्रद्धेने याला त्रिवेणी संगम म्हणतात. १९८९ पासून येथे साधारण दर ३ वर्षांनी कुंभमेळा भरतो.

संगमाजवळ गुंजा नरसिंहस्वामींचे मंदिर आहे. त्याची कथा अशी सांगतात : देवाने एका परिटाला स्वप्नात दर्शन देऊन मंदिर बांधायला सांगितले. तो ज्या दगडावर रोज कपडे धूत असे, त्याच्याच खाली धन निघाले. मंदिर उभे राहिले, पण काशीला जाण्याची त्याची तळमळ काही शमेना. तेव्हा देव म्हणाला, हे स्थान काशीहून गुंजभर अधिकच आहे!

८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. म्हणजे गुंज ही तोळ्याचा ९६ वा भाग. काशीला कमी लेखायचे असते, तर देवाने मोठे माप घेतले असते. ही गुंज परिटाच्या मनासाठी होती. 'खरे पुण्य दुसरीकडेच आहे, माझ्याकडे काहीतरी उणे आहे' हा त्याचा सल तिने काढला.

हा सल आपल्यालाही असतो. नापास झालेला मुलगा जेवणावरून उठतो. नोकरी गेलेले वडील पाहुण्यांना टाळतात. गेलेला असतो निकाल किंवा पगार, पण मन म्हणते, 'मीच संपलो.' उद्या यश आले, की तेच मन 'माझ्यासारखा कोणी नाही' म्हणून फुगते. दोन्ही वेळा आपण स्वतःला दुसऱ्याच्या तराजूत घातलेले असते. म्हणूनच सुख टिकत नाही.

पद, पैसा, कौतुक येते आणि जाते. आपण ईश्वराचे अंश आहोत, हे मात्र बदलत नाही. हे उमगल्यावर प्रयत्न सोडायचे नाहीत. धन सापडले तेही रोजच्या कामाच्या दगडाखालीच.

आज झोपण्यापूर्वी ५ मिनिटे शांत बसा. 'आज मी स्वतःला कोणाशी तोलले?' असे विचारा आणि ती तुलना नामस्मरणासह देवाच्या चरणी ठेवा. उद्याचे एक काम सेवा म्हणून करा. निराशा सोसवत नसेल, तर जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी अवश्य बोला. त्यात कमीपणा नाही.

हे नरसिंहा, आम्हाला आमच्या ठिकाणी तुझे दर्शन घडू दे, हीच प्रार्थना!