निःशेष

आमच्या शाळेत गणिताचे गुरुजी भागाकार शिकवताना खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढायचे. बारा शेंगा, तीन पोरं, एकेकाला चार. "काय उरलं?" "काय न्हाई, गुरुजी." "मग म्हणा, १२ ला ३ ने निःशेष भाग जातो." मग ते तेरावी शेंग टेबलावर ठेवायचे. इतका वेळ मुकाट बसलेली पोरं त्या एका शेंगेकडं आणि मग एकमेकांकडं बघायला लागायची. "ही बाकी," गुरुजी म्हणायचे, "सगळी भांडणं हिच्यापायी."

शेष म्हणजे उरलेलं. निःशेष म्हणजे काही न उरता. बोलताना आपण नुसतं 'भाग जातो' म्हणतो, पण अर्थ तोच, शेवटी बाकी शून्य आली पाहिजे. जे वाटायचं ते भाज्य आणि जितक्यांत वाटायचं तो भाजक. मी दहावीपर्यंत शिकलो, त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र राहिलं. कारण पुढं आयुष्यानं हेच गणित पुन्हा घातलं.

आमचे वडील मोठे हिकमती. दुसऱ्याच्या रानात सालगडी राहून त्यांनी पै पै जोडली आणि सात एकर जमीन स्वतःच्या नावावर केली. आई आधीच गेली होती. १९९६ साली वडील गेले. मागं आम्ही तिघं भाऊ आणि सगळ्यांत थोरली आक्का. वारसांची नोंद झाली तेव्हा चौघांचीही नावं लागली. बापाच्या कमाईच्या जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा, हे १९५६ च्या वारसा कायद्यानंच सांगितलंय. आम्हाला ते माहीत नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. पण गावात रीत होती. आक्काला बोलावलं, तालुक्याला नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली. येताना तिला एक लुगडं घेतलं. ती एवढंच म्हणाली, "माहेरचं दार उघडं ठेवा म्हंजे झालं."

मग आम्ही तिघं वाटणीला बसलो. एकराचे गुंठे ४०, सात एकराचे २८०. त्याला तीननं भागलं. एकेकाला ९३ आले आणि एक गुंठा उरला. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एवढ्याशा जागेत काय असतं? आमच्या त्या गुंठ्यात विहिरीचं थारोळं होतं आणि वडिलांनी लावलेलं जांभळीचं झाड होतं. दादा म्हणाला, थोरला मी, मला द्या. धाकटा म्हणाला, माझ्या वाट्याला लागून आहे. मी म्हणालो, वडिलांचं दुखणं मी काढलं. एक जाणता माणूस म्हणाला, गुंठ्याचे आणे करा. गुंठ्याचे सोळा आणे, तीननं भागले तर पाच पाच, आणि परत एक आणा उरला! दशांशात गेलं तर तीनापुढं तीन, तीनापुढं तीन, संपतच नाही. आम्हीही तसंच केलं. सहा वर्षं एकमेकांशी बोललो नाही. जांभळं खाली पडून सडली, कुणी उचलली नाहीत.

मधल्या काळात पोरांच्या लग्नकार्यांनी बोलणं सुरू झालं, पण गुंठा तसाच राहिला. परवा नात ओट्यावर गृहपाठ करत बसली होती. विभाज्यतेच्या कसोट्या. "आजोबा, तीनची कसोटी म्हंजे आकड्यांची बेरीज करायची. चारची असंल तर शेवटचे दोन आकडे बघायचे. एक संख्या सांगा." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "२८०." तिनं बोटं मोडली. "दोन आणि आठ दहा. तीननं जात न्हाई. शेवटी ऐंशी, म्हंजे चारनं जातो. ७०, बाकी शून्य."

मी तिची पाटी हातात घेऊन बसून राहिलो. चौघांत वाटलं असतं तर एकेकाला ७०, काहीच उरलं नसतं. आम्ही प्रत्येकानं ९३ घेतले, म्हणजे २३ जास्तीचे. तेवीस त्रिक ६९. त्यात तो भांडणाचा एक गुंठा मिळवला की बरोबर ७०. ज्या गुंठ्यासाठी आम्ही भाऊ सहा वर्षं वैरी झालो, तो हिशेबानं आक्काच्या वाट्यातला होता.

आता यावर कुणी म्हणेल, गणितानंच न्याय सांगितला. तसं नाही. आमची जमीन नऊ एकर असती, तर ३६० गुंठ्यांना तीननं निःशेष भाग गेला असता. एकेकाला १२० आले असते, भांडण झालं नसतं, आणि आक्का तशीच दाराबाहेर राहिली असती. उलट आम्ही सुखानं झोपलो असतो. याची मला जास्त भीती वाटते. बाकी शून्य आली म्हणजे वाटणी चोख झाली असं आपण धरून चालतो. पण गणित आपण दिलेल्या भाजकानं भागून देतं. भाजक कोण कोण, पंक्तीत कुणाला बसवलं आणि कुणाला उठवलं, हे ते विचारत नाही. ते माणसानं स्वतःला विचारायचं.

मी आक्काकडं गेलो. ती पंचाहत्तरीला आलीय, डोळ्याला कमी दिसतं. हिशेब सांगितला. ती हसली. "आता या वयात रान घेऊन काय करू रं? पर तू मला मोजलंस, बरं वाटलं."

बरं वाटलं यावर भागवून घेणं सोपं आहे, आणि मीही घटकाभर घेतलं होतं. पण सही घेताना जसा कागद केला, तसा देतानाही केला पाहिजे. दादाला आणि धाकट्याला सांगितलंय, त्यांचं त्यांनी बघावं. माझा मुलगा धुसफुसतोय. त्याला म्हणालो, हे २३ गुंठे माझे कधी नव्हतेच, मग तुझे कुठून होतील? त्याच्याकडं अजून उत्तर नाही. कापूस निघाला की तालुक्याला जायचंय. यंदा जांभळं उतरली की पहिली पाटी आक्काकडं धाडणार आहे.