टॉर्च मारून बघितलास का?

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, मी स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर एक लेन्स विकली. निकॉनची ८५ मिलिमीटर, एफ १.८. किंमत १८,००० रुपये. घेणारा मुलगा कोरेगावहून आला होता. सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव. बावीस-तेवीसचा असेल. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती आणि तुळशीच्या लग्नाआधी त्याला पोर्ट्रेटसाठी बरी लेन्स हवी होती. आम्ही चहा घेतला. त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर लेन्स लावली, चहावाल्याचे चार फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून बघितले. चहावाल्याची पापणी न पापणी दिसत होती. मग त्याने विचारलं, "सर, काही प्रॉब्लेम नाही ना?"

मी म्हणालो, "बघ ना, नीट तपासून घे. घाई नाही."

त्याने आणखी दोन फोटो काढले आणि पैसे पाठवले.

प्रॉब्लेम होता. तीन आठवड्यांपूर्वी विकायला काढताना मी लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला होता आणि आतल्या एका काचेवर, अगदी कडेला, कोळ्याच्या जाळ्यातला धागा असावा तशी एक बारीक रेघ दिसली होती. त्या रेघेला दोन फाटे फुटले होते. फंगस. (मराठीत बुरशी, पण बुरशी म्हटलं की भाकरी आठवते, म्हणून आम्ही सगळे फंगसच म्हणतो.) लेन्स दोन पावसाळे कपाटात, बॅगेत, बंद पडून होती. दमट हवा, अंधार आणि काचेवरची जराशी धूळ किंवा तेलकटपणा मिळाला की बुरशीला आणखी काही लागत नाही. वाढली की ती काचेवरचं कोटिंग खाते. वेळेत उघडून साफ केली तर डाग जातो, उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिची नक्षी काचेवर राहते. सुरुवातीला फोटोत काहीच कळत नाही. पुढे कधीतरी समोरून दिवा असेल तेव्हा चित्र धुरकट येऊ लागतं. लग्नाच्या स्टेजवर समोरून दिवा असतोच.

जाहिरातीत मी लिहिलं होतं: 'फोटो एकदम शार्प. फोकस मोटर व्यवस्थित. बिल आणि बॉक्स आहे. दिवसाउजेडी येऊन, तपासून घ्या.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. ते खोटं नाही याची मी लिहिताना काळजी घेतली होती, आणि मला आता सगळ्यात जास्त त्रास त्या काळजीचाच होतो. निष्काळजीपणे लिहिलं असतं तर निदान विसरलो म्हणता आलं असतं.

हा व्यवहार झाला तो जुन्या कॅमेऱ्यांच्या देवघेवीच्या एका टेलिग्राम ग्रुपवर. तिथे नियमांचा एक लांबलचक मेसेज कायम वर टाचलेला असतो, आणि तो चांगला आहे. वस्तूसोबत स्वतःचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो टाका, म्हणजे दुसऱ्याचे फोटो ढापून कोणी विकणार नाही. बॉडीवरचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. शटर किती वेळा उडालंय ते मागा. दीड लाखासाठी बनवलेलं शटर एक लाख चाळीस हजारांवर असेल तर तसा भाव करा. गर्दीच्या जागी भेटा. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, सामान कँटोनमेंटमधून कुरिअर करतो' असं म्हणत कोणी ओळखपत्राचा फोटो पाठवला तर ब्लॉक करा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचा मेसेज बघा. आणि शेवटी: हातात घेऊन तपासल्यावर तक्रार चालणार नाही.

हे नियम मी नव्या लोकांना कितीतरी वेळा समजावून सांगितले आहेत. त्यांतला एकूण एक नियम 'मी फसू नये' यासाठी आहे. 'मी फसवू नये' यासाठीचा एकही नाही. तसा नियम लिहिणंही विचित्रच. फसवणाऱ्याला नियम सांगून काय उपयोग? पण या रचनेचा एक परिणाम असा होतो की तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर गेली की सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या अंगावरून आपोआप उतरते. त्या मुलाच्या खिशात मोबाइल होता. मोबाइलला टॉर्च होता. त्याने मारला नाही. म्हणजे चूक कोणाची?

आमचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं. पणजोबांची एक गोष्ट घरात प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. त्यांचा एक बैल होता, दिसायला देखणा, दोन्ही बाजूंनी भरलेला. पण औताला जुंपला की दहाव्या-बाराव्या तासाला बसकण मारायचा आणि शेपटी पिरगाळली तरी उठायचा नाही. पणजोबांनी तो पुसेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात नेला. गिऱ्हाइकाने दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. गिऱ्हाइकाने विचारलं, "खोड बिड काय?" पणजोबा म्हणाले, "जनावर तुमच्या पुढ्यात हाय." गोष्ट इथे संपते आणि सगळे हसतात. मीही लहानपणापासून हसत आलोय. एवढ्या वर्षांत त्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं हे कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

स्वारगेटला मी जे बोललो ते अक्षरशः हेच वाक्य होतं, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर मी कायदा उघडून बघितला. अपराधी वाटायला लागलं की इंजिनियर डॉक्युमेंटेशन वाचतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ साधारण असं सांगतं की, काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी विक्रेत्याने दिलीच आहे असं गृहीत धरलं जाणार नाही. ग्राहकाने आपलं आपण बघावं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ त्याहून रंजक आहे. नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे, असं ते म्हणतं, आणि मग उदाहरणं देतं. क्ष लिलावात एक घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. हे कपट नाही. पुढचं उदाहरण: घेणारी त्याची स्वतःचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: घेणारा म्हणतो, 'तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन.' विकणारा गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच आहे.

'सर, काही प्रॉब्लेम नाही ना?' हे या तिसऱ्या उदाहरणाच्या किती जवळचं आहे यावर मी एक अख्खी रात्र घालवली. मराठीतला तो शेवटचा 'ना' तेच काम करतो. 'आहे का?' असं विचारलेलं वेगळं, 'नाही ना?' म्हणजे नाही असं धरून चाललोय, असेल तर आत्ता सांग. पण मग कलम १९ मध्ये एक अपवाद सापडला. गप्प राहून कोणाची संमती मिळवली असली, तरी साध्या दक्षतेने त्याला सत्य शोधून काढता आलं असतं, तर तो करार रद्द करता येत नाही. म्हणजे पुन्हा टॉर्च. कोर्टात मी बहुधा सुटलो असतो. हे वाचून मला जो दिलासा मिळाला, तो चहा संपेपर्यंतही टिकला नाही.

हा वाद कायद्याहून खूप जुना आहे. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सिसेरोने मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक तत्त्वज्ञ भांडतात, बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर. एक माणूस घर विकतोय. घर राहायला वाईट आहे, लाकूड कुजलंय, खोल्यांत सरपटणारे प्राणी निघतात, आणि हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. सांगायला हवं का? अँटिपेटर म्हणतो, हवंच. न सांगणं म्हणजे वाट चुकलेल्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाऊ देणं. डायोजिनीसचं म्हणणं, घे म्हणून तुला कोणी बळजबरी केली का? जिथे घेणाऱ्याला स्वतःची अक्कल चालवता येते तिथे विकणाऱ्याचं कपट कसलं? 'न सांगणं' आणि 'लपवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने निकाल देतो. जे कळण्यात समोरच्याचं हित आहे, ते केवळ स्वतःच्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, हे त्याच्या मते लपवणंच.

मी बरेच दिवस डायोजिनीसच्या बाजूने होतो, आणि त्याचा मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही. सगळंच सांगायचं म्हटलं तर कुठे थांबायचं? हेच मॉडेल पुढच्या महिन्यात स्वस्त होईल असा माझा अंदाज आहे, हेही सांगायचं? लेन्स विकतोय कारण मला तिचा कंटाळा आलाय, हे? बाजार चालतो तो दोन माणसांना वेगवेगळं माहीत असल्यामुळेच. पण माझ्या बाबतीत एक साधी कसोटी होती. ती रेघ त्याला दिसली असती तर त्याने १८,००० दिले असते का? नसते. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी सांगितलं नाही. म्हणजे माझं गप्प बसणं आळस नव्हता, संकोच नव्हता. त्या गप्प बसण्याची मी किंमत घेतली होती. अंदाजे पाच-सहा हजार.

दुसरी गोष्ट मला अर्थशास्त्राने दाखवली. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी त्याला २००१ चं नोबेल विभागून मिळालं. गाडीतली खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत खोड असू शकते असं धरून भाव पाडतो. पडलेल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही. उरतात त्या खोडीच्या गाड्या. म्हणजे मी जे पाच-सहा हजार जास्तीचे घेतले ते फक्त कोरेगावच्या मुलाचे नव्हते. त्यांतला थोडा थोडा हिस्सा स्वच्छ काचेची लेन्स विकायला येणाऱ्या त्या प्रत्येक माणसाचा होता, ज्याला ग्रुपवर 'एवढी क्लीन आहे तर विकताय का?' असं ऐकून घ्यावं लागतं.

पण माझ्यासाठी खरी अडचण घोड्याच्या दुसऱ्या उदाहरणात आहे. तिथे कर्तव्य जन्माला येतं ते दोषातून नव्हे, नात्यातून. पणजोबांनी तो बैल पाव्हण्याला विकला नसता. विकला असता तर गोष्ट हसून सांगितली गेली नसती. मग आमचा ग्रुप बाजार आहे की पाव्हणे? तिथे सगळे एकमेकांना दादा, भाऊ म्हणतात. कोणाचा कॅमेरा चोरीला गेला तर त्याचा सिरियल नंबर सगळीकडे फिरवतात. एकदा तसा एक कॅमेरा सापडलाही. कोणाचं लग्न असलं तर फुकट शूट करायला जातात. माझ्या नावापुढे सात यशस्वी व्यवहारांची नोंद होती. ती बघूनच तो मुलगा पहाटेच्या एसटीने निघाला होता. माणूस पाव्हण्याच्या विश्वासाने आला आणि मी त्याच्याशी बाजाराच्या नियमाने वागलो. त्याने टॉर्च का मारला नाही? बावळट होता म्हणून नव्हे. समोर बसून चहा पाजणाऱ्या माणसाच्या वस्तूवर टॉर्च मारायला त्याला लाज वाटली असणार. मी सांगणार नाही असं धरायचं, तर त्याला आधी माझ्याविषयी वाईट विचार करावा लागला असता.

या जूनमध्ये, पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात, मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणालो, लेन्स परत पाठव, पूर्ण पैसे देतो. नाहीतर साफ करून घे, खर्च माझा.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण दादा, मी ती दिवाळीत विकली."

"कोणाला?"

"आमच्याच इथल्या पोराला. मावसभावाचा दोस्त आहे."

मी विचारलं, त्याला काय सांगितलं होतंस? म्हणाला, "काय सांगणार? एकदम ओके आहे म्हणून सांगितलं. मला ओकेच होती ना." तो खरं बोलला होता. माझी एकूण एक खरी वाक्यं ज्याला झाकत होती, ते झाकलेलं त्याने अजाणता, पूर्ण प्रामाणिकपणे पुढे दिलं होतं, आणि वर स्वतःचा शब्दही टाकला होता, जो मी मोठ्या हुशारीने टाकला नव्हता.

मी म्हणालो, त्या मुलाचा नंबर दे, मी बोलतो. तो म्हणाला, "नको. तुम्ही बोललात तर त्याला वाटेल मला आधीपासून माहीत होतं." मग थोडं थांबून: "दादा, आता हे मला कशाला सांगितलंत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं मी जे बाळगत होतो ते एका फोनवर त्याच्याकडे दिलं होतं, आणि फोन करण्यापूर्वी 'हे कळण्यात त्याचं हित आहे का' हा सिसेरोचा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. तो मुलगा आदल्या दिवसापर्यंत निर्दोष होता. आता त्यालाही मावसभावाच्या दोस्ताला सांगायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि तेही गावात, रोज तोंड दिसणाऱ्या माणसाला. मला निदान स्वारगेटनंतर कोणाचं तोंड बघावं लागलं नव्हतं.

मी एवढंच म्हणालो की पैसे बाजूला काढून ठेवलेत, कधीही सांग. तो "बघतो" म्हणाला. जाता जाता त्याने विचारलं, "टॉर्च मागनं मारायचा का पुढनं?" मी सांगितलं, मागून. ॲपर्चर पूर्ण उघडायचं, अंधाऱ्या खोलीत जायचं आणि लेन्स जरा तिरकी धरायची. सरळ धरली तर दिसत नाही.

तेव्हापासून त्याचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.