शोधायचे काय, हे आधी ठाऊक हवे

निवडणुकीचा निकाल लागला की मराठी वर्तमानपत्रात कुठल्या तरी पक्षाचे ‘पानिपत’ होते. अग्रलेखात कोणी तरी ‘ध चा मा’ केलेला असतो, सभेत कोणाला सूर्याजी पिसाळ म्हटले जाते आणि व्यंगचित्रात शकुनीमामा फासे टाकत बसलेले असतात. पानिपतावर काय झाले, हे बातमीदार कंसात लिहीत नाही. वाचणाऱ्याला ते माहीत असणार, असे तो धरून चालतो. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातल्या या न बोललेल्या समजुतीत ज्याला वाटा मिळाला नाही, त्या मुलाला अक्षरे लागतात, मजकूर लागत नाही. सांस्कृतिक साक्षरता म्हणतात ती हीच. ती मुलांपर्यंत पोचवण्यासाठी गेल्या दहाएक वर्षांत वर्गात प्रोजेक्टर आले, टॅब्लेट आले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले. या साधनांना माझा विरोध नाही. पण आपण त्यांना भलत्याच कामाला जुंपले आहे. संदर्भ सांगणे आणि तो मुलाच्या डोक्यात मुरवणे हे शिक्षकाचे काम आपण पडद्यावर सोपवले. उलट मूळ आवाज, मूळ कागद, मूळ जागा वर्गात आणणे हे जे काम यंत्राशिवाय होणे अवघड, ते त्याच्याकडून क्वचितच करून घेतो.

संदर्भ डोक्यातच का असायला हवा, याचा पुरावा बराच जुना आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले साहित्याचे प्राध्यापक ई. डी. हर्श यांनी रिचमंड शहरातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे उतारे वाचायला दिले. रोजच्या विषयांवरचे उतारे त्यांनी नीट वाचले; पण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीचा, ग्रँट आणि ली या सेनापतींबद्दलचा उतारा आला आणि ते अडखळले. रिचमंड ही त्याच युद्धात दक्षिणेची राजधानी होती, म्हणजे इतिहास पायाखाली होता. हर्श यांचे ‘कल्चरल लिटरसी’ हे पुस्तक 1987 मध्ये आले ते या निरीक्षणातून. पुढच्याच वर्षी रेक्ट आणि लेस्ली या दोघींचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. सातवी-आठवीच्या 64 मुलांना त्यांनी बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला समजू शकली. वाचन हे कुठल्याही मजकुरावर सारखेच चालणारे कसब आहे, या समजुतीला त्या निकालाने चांगलाच धक्का दिला. आपल्याकडे ‘वाचता येते पण आकलन होत नाही’ अशी तक्रार दर वर्षी होते आणि उपाय म्हणून आकलनाच्या स्वाध्यायांची संख्या वाढवली जाते. आकलन कशाच्या आधारावर व्हायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सगळे गूगलवर आहे, आता तर प्रश्न विचारला की एआय मराठीतून उत्तर देते. मग मुलांच्या डोक्यात एवढे भरायचे कशाला? ‘पानिपत’ शोधून पाहावे. हरियाणातले शहर मिळते, 2019 चा हिंदी चित्रपट मिळतो, 1526, 1556 आणि 1761 अशा तीन लढाया मिळतात. मथळ्यातले पानिपत यांपैकी कोणते, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच यातले नेमके निवडता येते. आणि हा झाला सोपा प्रसंग, कारण पानिपत हे निदान विशेषनाम आहे. बहुतेक संदर्भ आपण संदर्भ आहोत अशी पाटी लावून येत नाहीत. कवितेत विटेचा उल्लेख आला तर विठ्ठल माहीत नसलेल्या मुलाला ती बांधकामाची वीट वाटते. त्याला काही अडल्यासारखे वाटतच नाही, मग तो शोधणार काय? विचारल्यावरच बोलणाऱ्या यंत्राची ही मर्यादा आहे आणि यंत्र कितीही हुशार झाले तरी ती राहणार आहे.

याच आक्षेपाचे अधिक सावध रूप असे: माहिती नको, शोधण्याचे आणि पारखण्याचे कौशल्य शिकवा. याला वजन आहे. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे जाणकार, विद्यापीठातले विद्यार्थी आणि तथ्य तपासणारे पत्रकार यांना संकेतस्थळे पारखायला दिली. सरशी पत्रकारांची झाली. समोरचे पान वाचत न बसता ते लगेच दुसरी पाने उघडून ‘हे सांगणारा कोण’ याचा तपास करत होते, तर पीएचडी झालेले काही इतिहासतज्ज्ञही देखण्या संकेतस्थळाला फसले. म्हणजे नुसते ज्ञान पुरत नाही, हे मान्य करायलाच हवे. पण तपासावे असे वाटायला मुळात शंका यावी लागते आणि आधीच्या माहितीशी काही तरी जुळत नाही असे वाटल्याशिवाय शंका येत नाही. शाळेच्या मुलाकडे ती आधीची माहितीच नसेल तर पारखण्याचे कौशल्य शिकवायचे कशाच्या जिवावर?

आता आपल्याकडे काय चालले आहे ते पाहू. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ मंच 2017 मध्ये सुरू झाला. बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड मुलांना त्या मंचावर नेतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले तेव्हा तो एका शिक्षकाने आपल्या समोरच्या मुलांसाठी शोधलेला मार्ग होता. राज्यभर जाताना मार्ग उरला, समोरची मुले गळाली. कोडमागे पुष्कळदा असते काय? पाठ मोठ्याने वाचणारा आवाज, सरकणारी चित्रे, शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. पुस्तकात जे आहे तेच पुन्हा, फक्त हलते. पोवाड्याच्या धड्यामागे पोवाडा नसतो, त्याचे स्पष्टीकरण असते. डफाचा ठेका आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’ कानावर पडल्याशिवाय पोवाडा कळतो असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घरी मुलाच्या हातात फोन आहेच. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी मुले 57 टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. एकट्याने पाहायच्या व्हिडिओत शाळा रीलशी स्पर्धा करायला गेली तर ती हरणार, हे वेगळे सांगायला नको. शाळेच्या हाती दुसरे काही तरी आहे: चाळीस जण एका वेळी एकच गोष्ट ऐकतात, आणि ती माहीत असलेला एक माणूस तिथे उभा असतो.

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. मुंबईला पोट भरायला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिच्या रूपाचे वर्णन करतो, मुंबईतली हलाखी सांगतो. नववीच्या वर्गात हे नुसते लावून दिले तर मुले हसतील, एखादा ठेका धरेल आणि तास संपेल. शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. ज्याला त्यांचा धागा माहीत नाही त्याच्या कानावरून ती घरंगळून जातात. आता क्रम बदलू. शिक्षक आधी दहा मिनिटे सांगतात: 21 नोव्हेंबर 1955 चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, 1956 चे द्विभाषिक मुंबई राज्य, गिरणी कामगार, लाल बावटा कलापथक, 1 मे 1960, आणि राज्य झाले तरी बाहेर राहिलेला सीमाभाग. हे सांगताना पडदा बंद असतो. मग ध्वनिमुद्रण लागते आणि त्या गावांच्या नावांपाशी थांबते. त्यानंतर नकाशा उघडतो आणि मुले ती गावे शोधतात. डांग गुजरातेत, कारवार कर्नाटकात. विरहाचे गाणे हळूच राज्याच्या विरहाचे कसे झाले, हे मग कोणी समजावून द्यावे लागत नाही. या तासात तंत्रज्ञान दोनदाच आले, एकदा आवाज म्हणून आणि एकदा नकाशा म्हणून; पण ते नसते तर तास उभा राहिला नसता. आणि ती दहा मिनिटे नसती तर यंत्र असून नसल्यासारखेच होते.

‘ध चा मा’चा तास याहून मजेदार होऊ शकतो. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. काका राघोबांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे काकू आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानी पडते, किंवा पडत असे. कथा आधी सांगायची, रंगवून सांगायची. मग विचारायचे: ते पत्र कोणत्या लिपीत असणार? पेशवाईचा कारभार मोडीत चाले. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, तिचे फॉन्ट फुकट मिळतात. पडद्यावर मोडीतला ‘ध’ आणि मोडीतला ‘मा’ शेजारी शेजारी ठेवायचे आणि मुलांना सांगायचे, करा बघू एकाचे दुसरे. वहीत खाडाखोड करताना मुलांना आपोआप पुढचे प्रश्न पडतात: तो कागद कुठे आहे, ही गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली, लिहिणारा तेव्हा तिथे होता का, आणि दोष नेमका बाईवरच का आला? संदर्भ माहीत असणे आणि संदर्भ तपासणे या दोन्ही गोष्टी इथे एका तासात होतात. हे फक्त दंतकथेपुरते नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा 1898 मध्ये निघालेला पहिला खंड 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचा आहे, त्यावर आता कोणाचा हक्क नाही आणि त्याच्या प्रती जालावर आहेत. पानिपताच्या धड्यामागच्या कोडमध्ये त्यातले एखादे पत्र टाकायला कोणाची हरकत आहे?

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र तंत्रज्ञानाबद्दल नाही. कोणाची संस्कृती, हा तो प्रश्न. हर्श यांनी पुस्तकाच्या शेवटी सुमारे पाच हजार नोंदींची यादी जोडली होती. ती गोऱ्या, सुशिक्षित अमेरिकेची यादी आहे अशी टीका झाली आणि 1988 मध्ये तिला उत्तर म्हणून ‘मल्टिकल्चरल लिटरसी’ हा संग्रह निघाला. मराठीत अशी यादी करायला बसलो तर ती नकळत पुण्याच्या दोन-तीन पेठांत फिरून येईल, ही भीती खोटी नाही. वर मी दिलेली उदाहरणेही पेशवाईकडे झुकलेली आहेतच. पण म्हणून यादीच नको, हे उत्तर मला पटत नाही. शाळेने संदर्भ दिले नाहीत तर ते ज्यांच्या घरात आहेत त्यांच्याकडेच राहतात. तोटा होतो तो पुस्तके नसलेल्या घरातल्या मुलाचा. यादी रुंद करावी, हाच मार्ग आहे. शिवाजी महाराजांवरचा महात्मा फुल्यांचा 1869 चा पोवाडा, 20 मार्च 1927 चे महाडचे चवदार तळे, अण्णाभाऊंची ‘फकिरा’ कादंबरी, वारल्यांचा तारपा, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात लिहिलेले आणि 1616 मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’, हे कोणा एका गटाचे राखीव न राहता सगळ्या मराठी वर्गाच्या ओळखीचे व्हायला हवे. इथे यंत्राचा खरा उपयोग आहे, कारण छापील परंपरेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांचे पुष्कळसे धन आवाजात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहाने 2017 पासून त्या ध्वनी आणि मजकुरासह खुल्या केल्या आहेत. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पाठ्यपुस्तकात ओवी येते ती ज्ञानेश्वरीची. दळणाऱ्या बाईची ओवी तिच्याच गळ्यातून ऐकायची सोय आता आहे, आणि ती न वापरणे हा आळस आहे.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा आणखी एक वर्ग या प्रश्नात आला: मुंबई-ठाण्यातली ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुले. त्यांना भाषा शब्दार्थांनी मिळते आणि मागचे काहीच मिळत नाही. आजीने सांगितलेली गोष्ट त्यांच्याही घरी आहे, पण ती भोजपुरीत किंवा गुजरातीत. त्यांच्याकडून तीही वर्गात ऐकावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. यादी रुंद होते ती अशीही.

हे सगळे म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की सनावळ्या पाठ करणे आणि गोष्ट लक्षात राहणे यांतला फरक चांगल्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. विजेची आणि इंटरनेटची अडचण मात्र खरी आहे. पण इथे सुचवलेल्या तासांना चाळीस टॅब्लेट लागत नाहीत. एक फोन, आधी उतरवून घेतलेली फाइल आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा एक स्पीकर पुरतो. बहुतेक खरेदीचा जोर पडद्यावर असतो, आवाजाचा विचार शेवटी होतो.

राज्याची नवी पाठ्यपुस्तके 2025-26 पासून, पहिलीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने येत आहेत. वरच्या इयत्तांचे काम अजून व्हायचे आहे. त्यांत कोणत्या इयत्तेत कोणते संदर्भ मुलाला माहीत व्हावेत याची यादी पाठ्यपुस्तक मंडळाने आधी जाहीर करावी आणि तिच्यावर गावोगावच्या शिक्षकांना, लोककलावंतांना, पालकांना भांडू द्यावे. आणि प्रत्येक कोडमागे पाठाचे वाचन न ठेवता एक मूळ गोष्ट ठेवावी: एक आवाज, एक कागद, एक नकाशा. धडा वाचून दाखवायला शिक्षक आहेत.