आधी ती फ्रेम मोडून दाखव

पुन्हा फोटो पाठवलास. तीच संध्याकाळ, मागे ग्वाल पहाडीचे खडक, पुढे तुझ्या डाउनहिल सायकलची काळी फ्रेम, आणि डाउन ट्यूबवर ऐटदार अक्षरांत ‘गुरुग्राम’. रंग छान. स्टिकर छान. आता एवढंच सांग, ती फ्रेम तुटली कुठे?

तुटली नाही म्हणतोस. वर तोंड करून अभिमानानं म्हणतोस. अरे, जिला तुटेपर्यंत ताणलंच नाही, ती तुटली नाही याचं कौतुक कसलं? गेल्या पावसाळ्यापासून ती तुझ्या सेक्टरमधल्या फ्लॅटच्या भिंतीला टेकून उभी आहे. रविवारी बाहेर काढायची, लेपर्ड ट्रेलवर दोन चकरा मारायच्या, धूळ पुसायची, पुन्हा भिंतीला. याला तू ‘टेस्टिंग चालू आहे’ म्हणतोस. मी याला मिरवणूक म्हणतो.

प्रोटोटाइप कशासाठी असतो, हे तुला मी सांगायचं? एस-एन कर्व्ह फळ्यावर काढून तू अख्ख्या वर्गाला समजावून दिला होतास. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते लाखो फेरे निमूट सोसतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, ते प्रत्येक दणका मोजून ठेवतं आणि एक दिवस हिशोब चुकता करतं. हे तुझंच वाक्य. मग फ्रेम कशाची केलीस? 6061 अ‍ॅल्युमिनियमची. आणि दणके किती दिलेस? मोजलेच नाहीत. ‘ढ’ असतास तर सोडून दिलं असतं. तू ‘ढ’ नाहीस, हेच तर माझं दुखणं आहे.

म्हणे सिम्युलेशन केलंय, लाल रंग कुठेच येत नाही. येईल कसा? भार तूच ठरवलास, तोही अंदाजानं. वेल्डच्या कडेची खाच मॉडेलमध्ये आहे? नाही. वेल्डच्या उष्णतेनं मऊ पडलेला पट्टा आहे? तोही नाही. 6061 टी6 ची यील्ड स्ट्रेंग्थ साधारण 276 मेगापास्कल, हे तू झोपेतही सांगशील. पण टिगचा आर्क लागला की जोडाशेजारी ती निम्म्यावर येते, कधी निम्म्याच्याही खाली. ती परत मिळवायची तर अख्खी फ्रेम 530 अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवावी लागते, बुडवताना वाकडी झाली तर मऊ आहे तोवर सरळ करून घ्यावी लागते, आणि मग 160 ते 175 अंशांवर कित्येक तास भट्टीत ठेवावी लागते. केलंस? ‘वेल्डर म्हणाला, चल जाएगा.’ वेल्डरला सॉल्यूशन हीट ट्रीटमेंट शिकवायला कोण गेलं होतं? तो त्याचं काम चोख करतो. तू तुझं केलं नाहीस. फरिदाबाद-मानेसरात अर्ध्या हिंदुस्थानच्या गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि तुला एक भट्टी सापडत नाही? शोधायला गेला होतास का, की फोनवर चौकशी करून थांबलास?

एका गोष्टीत मात्र तू कसर सोडली नाहीस. हेड अँगल 63 अंश ठेवायचा की साडेबासष्ट, यावर महिने घातलेस. तक्ते केलेस, परदेशी सायकलींचे आकडे जमवलेस, मला रात्री अकराला फोन केलेस. अर्ध्या अंशासाठी! फिक्श्चरमधून सुटल्यावर हेड ट्यूब किती सरकली, हे मोजलंस कधी? सरफेस प्लेटवर ठेवून हाइट गेज लावलास? पुढचा फोर्क वीस मिलिमीटर जास्त दबला तर हाच तुझा लाडका अँगल पाऊण अंशानं उभा होतो. म्हणजे हवेचा पंप हातात घेऊन दोन मिनिटांत जे बदलता येतं, त्यावर तू हिवाळा घालवलास. आणि जे बदलायला भट्टी लागते, त्याकडे बघितलंही नाहीस. का ते मी सांगतो. कॉम्प्युटरवर रेघ चुकली तर कुणाला दिसत नाही. चाचणीच्या रिगवर फ्रेम तुटली तर दिसते.

आता तुझी रडगाणी घेऊ एकेक.

‘सर, गुरुग्रामला डोंगर नाहीत.’ खरं आहे. अरवली ती, सह्याद्री नव्हे. डाउनहिलच्या वर्ल्ड कपची उतरंड शेकडो मीटरची असते. तुझ्याकडे चढ संपेपर्यंत उतार संपतो. पण खडक कसला आहे रे तिथे? क्वार्टझाइट. धारदार, टणक, टायरची बाजू सोलून काढणारा. छोट्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा आपटायला याहून चांगली जागा फुकटात कोण देणार? आणि लांब उतारच हवा असेल तर दिल्लीतून रात्रीची बस धर, सकाळी हिमाचलात बीरला उतरतोस. बिलिंग 2400 मीटरवर, बीर त्याच्या हजारेक मीटर खाली. लोक तिथे पॅराग्लायडिंगला जातात, तू सायकल घेऊन जा. मनालीला मित्रांबरोबर गेलास तेव्हा अंतर आडवं आलं नव्हतं.

शिवाय डोंगराचा प्रश्न नंतरचा. फ्रेम थकवायला डोंगर लागतच नाही. आयएसओ 4210 काढून वाच. माउंटन बाइकच्या फ्रेमला पेडलवर 1200 न्यूटनचा भार, एक लाख फेरे. पुढून-मागून ओढायचं-ढकलायचं, 50 हजार फेरे. साडेबावीस किलोचं वजन 360 मिलिमीटरवरून पुढच्या टोकावर सोडायचं. यात डोंगर कुठे आला? यात लागतं एक खोली, एक चौकट आणि शेजाऱ्यांच्या शिव्या ऐकायची तयारी.

‘मशीन परवडत नाही.’ नाचता येईना अंगण वाकडं! 63 मिलिमीटर बोअरचा साधा न्यूमॅटिक सिलिंडर 4 बारला 1200 न्यूटनच्या थोडा वरच जातो. 6 बारला 1800 च्या पुढे. दोन सिलिंडर, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, टायमर, काउंटर, चॅनेलची चौकट. सेकंदाला एक फेरा धर. लाख फेऱ्यांना अठ्ठावीस तास. शनिवारी सकाळी चालू केलंस तर रविवारी दुपारी निकाल हातात. तुझ्या त्या इटालियन हँडलबारच्या पैशात हे सगळं बसतं की नाही, मांड हिशोब. रिग स्वतः उभारायची नसेल तर लुधियानाला सायकल आणि शिलाई मशीनचं संशोधन केंद्र आहे, प्रयोगशाळेसकट. शताब्दीनं चार-पाच तास. अख्ख्या देशाची सायकल जिथे बनते ते गाव तुझ्या उशाशी, आणि तू ‘भारतात सुविधा नाहीत’ असं लिहितोस. लाज वाटत नाही?

आणि हो, रिग पास झाली म्हणजे गड जिंकला, असं समजून नाचू नकोस. तेच आयएसओ 4210 स्वतःच सांगतं की स्पर्धा, स्टंट असल्या दांडगाईच्या वापराच्या सायकली आमच्या कक्षेत येत नाहीत. अमेरिकेच्या एएसटीएमची वर्गवारी बघ. चौथ्या वर्गाच्या सायकलीनं 122 सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या सोसायच्या. डाउनहिल त्याच्याही वरचा, पाचवा. म्हणजे 1200 न्यूटन हा तुझा उंबरठा आहे, माळवद नव्हे. लाख फेरे झाले की दाब वाढव. तुटेपर्यंत वाढव. कुठे तुटते, किती फेऱ्यांनी तुटते, हे दोन आकडे हाती येईपर्यंत तुझ्याकडे फ्रेम नाही, रंगवलेल्या नळ्या आहेत.

तुटण्याआधी ती बोलते, पण ऐकायला कान हवेत. हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या पोटाखाली, वेल्डच्या कडेला बघ. गसेट जिथे संपतो त्या टोकाला बघ. शॉक जिथे बसवलास तिथे बघ. 200 मिलिमीटरचा ट्रॅव्हल आणि 75 चा स्ट्रोक म्हटल्यावर मागच्या चाकाचा भार त्या बोल्टवर सरासरी अडीचपटीहून जास्त होऊन येतो. नुसत्या डोळ्यांनी नाही. डीपी टेस्ट कर. तिथला तुझा तो लाडका काळा रंग खरवडून काढ, पृष्ठभाग स्वच्छ कर, लाल पेनिट्रंट फवार, दहा-पंधरा मिनिटं थांब, पुसून घे, वर पांढरा डेव्हलपर मार. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. रेघ दिसली की घाबरायचं नाही. तारीख, फेऱ्यांचा आकडा आणि लांबी लिहायची. पुन्हा चालवायची. पुन्हा मोजायची. डब्यांचा हा संच कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. रंग खरवडायला जीव होत नाही, एवढीच अडचण आहे ना?

रायडिंगचं काय ते विचारलं तर म्हणालास, ‘फील मस्त आहे सर, एकदम प्लश.’ फील! शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. दर उतारानंतर ते कुठे येऊन थांबलं, हे बघायला पैसे पडत नाहीत. नुसतं बसल्यावर शॉक दबतो तो सॅग, तीस टक्के म्हणजे 75 मधले साधारण 22 मिलिमीटर. लावलास का कधी मोजून? उडीनंतर कडं टोकाला गेलं होतं की दोन बोटं अलीकडे होतं? तुझी वही उघडली तर त्यात काय सापडेल, मला माहीत आहे: लोगोची चित्रं. एकच पट्टा निवड, स्टॉपवॉच लाव, एका वेळी एकच गोष्ट बदल. दाब बदललास तर टायर बदलू नकोस. टायर बदललास तर दाबाला हात लावू नकोस. आणि चालवायला तुझ्याहून वीस किलो जड, तुझ्याहून आडदांड माणूस आण. स्वतःच्या लेकराला कुणी जोरात फटका मारत नाही. तूही त्या फ्रेमवर बसून ब्रेक जपूनच दाबतोस.

दुसऱ्यांनी काय केलं ते बघायचं असेल तर बघ. नेको मुलाली हा अमेरिकन डाउनहिल रेसर. 2022 मध्ये त्यानं स्वतःची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आखली, फ्रँक द वेल्डर नावानं ओळखल्या जाणाऱ्या कारागिराकडून जोडून घेतली आणि तीच घेऊन थेट वर्ल्ड कपात उतरला. चुका जगासमोर दिसल्या, पुढची आवृत्ती बदलली. होंडानं आरएन01 नावाची डाउनहिल सायकल केली. 2005 मध्ये ग्रेग मिनारनं तिच्यावर वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद जिंकलं. आणि तरीही होंडानं ती बाजारात कधी विकली नाही. आपल्या पुण्यात प्रवीण प्रभाकरन आणि विनय मेनन यांनी सायनाइड बाइक्स उभी केली, फ्युरान नावाची हार्डटेल आणली. मागे सस्पेन्शन नसलेली, साधी. आधी जमिनीवर पाय, मग उडी. विनय स्वतः फ्रीराइडर. फ्रेम कच्ची राहिली असती तर हाडं त्याचीच मोडली असती. तू पहिल्या झटक्यात 200 मिलिमीटरवर, चार लिंक, आठ बेअरिंगवर हात घातलास. घाल, हरकत नाही. पण मग मेहनतही तेवढीच हवी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार झालाय तुझा, आणि मसाला म्हणजे नुसते फोटो.

इथपर्यंतचं सगळं मी हसून घेतलं असतं. खरा राग वेगळाच आहे.

तू बुकिंग चालू केलंस. विजेती सायकल असून होंडाला जे सुचलं नाही, ते तुला एका न तपासलेल्या फ्रेमवर सुचलं. आणि गेल्या महिन्यात ती मित्राला दिलीस. ‘जरा दाबून चालवून बघ.’ हेड ट्यूब उतारावर सुटली तर काय होतं, तुला ठाऊक आहे. पुढचं चाक फोर्कसकट निघून जातं आणि माणूस तोंडावर पडतो, तेही हात पुढे करायला वेळ न मिळता. त्याला सांगितलंस का, की ही फ्रेम भट्टीत गेलेली नाही? एकही फेरा मोजलेला नाही? नाही सांगितलंस. का नाही सांगितलंस? कारण सांगितलं असतंस तर तो बसला नसता, आणि तुझा व्हिडिओ झाला नसता. तू आळशी आहेस हे मी कधीचा ओळखून आहे, त्यावर उपाय आहे. हे मात्र आळसाच्या पलीकडचं आहे. स्वतःच्या परीक्षेची भीती वाटली म्हणून तू दुसऱ्याचे दात पणाला लावलेस.

उत्तर तयार असेल तुझं. ‘सर, स्टार्टअपमध्ये वेग लागतो.’ लागतो ना. मग रिग करायला एवढा उशीर का? वेगाची भाषा फक्त फोटो टाकताना आणि पैसे घेतानाच कशी आठवते?

तुझ्याहून कमी अकलेची पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यांनी हातानं फाईल मारून फिक्श्चर केली, भार टाकला, तुकडे गोळा केले, पुन्हा केली. त्यांच्यातल्या कुणाला तुझ्याइतकी लिंकेजची जाण नव्हती. तुझी लीव्हरेज कर्व्ह मी पाहिली आहे; शेवटाकडे ती घट्ट होत जाते, पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्यालाही ती सहज जमत नाही. म्हणून तर हा एवढा जीव जाळतोय. नाहीतर ‘छान छान’ म्हणून अंगठा दाखवणारे तुझ्या फोनमध्ये शेकड्यांनी आहेत, आणखी एक मी कशाला?

तेव्हा ऐक. आज बुकिंग बंद कर आणि ज्यांचे पैसे घेतलेस त्यांना परत कर, कारणासकट. मित्राला फोन करून खरं काय ते सांग. सोमवारी भट्टीवाला गाठ, समोरासमोर. नव्या दोन फ्रेम वेल्ड करून घे, दोन्ही हीट ट्रीट कर, एक रिगवर चढव. ही काळी भिंतीवर टांग, तिच्यावर पुन्हा कुणी बसायचं नाही. मला पाठवायचंच असेल तर फेऱ्यांचा आकडा, दाब आणि तड्याची लांबी पाठव, संध्याकाळचा उजेड नको. आणि लाख फेरे पुरे होईपर्यंत त्या नव्या फ्रेमवरही कुणाला बसवू नकोस. स्वतःसुद्धा बसू नकोस.